चहा निवेपर्यंतचा हात

गाडीचं दार उघडण्याआधी मागे वळून बघावं, ही गोष्ट मला गाडी शिकवणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. त्यानं शिकवलेलं बाकी सगळं मी केव्हाच विसरलो होतो, ही एवढी एक गोष्ट लक्षात होती. नेमकी त्या सकाळी तीही विसरलो. दार उघडलं, धाडकन काहीतरी आपटलं आणि रस्त्यावर एक सायकल, एक पिशवी आणि आमचे उस्ताद असे तिघंही आडवे झाले.

मी धावलो. उस्ताद उताणे पडले होते. उजवा हात भलत्याच कोनात वळलेला. सायकलचं चाक आपलं निवांत फिरत होतं.

"उस्ताद! फार लागलं का हो?"

उस्तादांनी डोळे उघडले, खालून वर माझ्याकडे पाहिलं आणि कण्हत म्हणाले, "तुम्हाला किती वेळा सांगितलं, बाजूचे केस वाढवून वर घेऊ नका म्हणून. खालून सगळं दिसतं."

एवढं बोलून ते बेशुद्ध पडले. डॉक्टर म्हणाले दुखण्यानं, पण मला अजून वाटतं, माझं डोकं बघून.

उस्ताद म्हणजे आमच्या गल्लीतले केस कापणारे. त्यांना खरं नाव असणार, पण ते कुणी वापरत नाही. दुकान अरुंद, आगगाडीच्या डब्यासारखं लांब. आत शिरलं की डाव्या हाताला भिंतभर आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, उजव्या हाताला वाट बघणाऱ्यांसाठी बाक. दोन खुर्च्यांपैकी एकच चालायची. दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं बसलेली असायची. "दुसरा कारागीर का ठेवत नाही?" असं कुणी विचारलं की उस्ताद म्हणायचे, "ठेवला असता. पण मग त्यानं कापलेलं मला परत कापावं लागलं असतं."

या दुकानाचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. खुर्चीतल्या माणसानं बोलायचं, मागे उभ्या असलेल्यानं ऐकायचं. आमच्या भागातल्या लोकांनी बायकोला सांगितलं नसेल ते उस्तादांना सांगितलं आहे. कापड गळ्याशी आवळलं गेलं, पाण्याचा फवारा डोक्यावर बसला की माणूस आपोआप बोलायला लागतो. मी स्वतः त्या खुर्चीत बसून माझ्या सख्ख्या भावाबद्दल जे बोललो आहे ते भावाला कळलं तर तो वाटणी मागेल. आणि उस्ताद? त्यांना कुणी विचारलं, "कसं काय उस्ताद?" की उत्तर एकच. "झकास!"

एकदा त्यांची दाढ सुजली होती. गाल लिंबाएवढा फुगलेला. "कसं काय?" "झकास!" एकदा रात्रभर घरात पाणी शिरलं, सकाळी गुडघ्यापर्यंत ओली विजार घालून दुकान उघडलं. "कसं काय?" "झकास!" यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. "अहो, ज्याच्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली तुमची मान, तो माणूस स्वतःचं रडगाणं गायला लागला, तर तुम्ही डोळे मिटून बसाल का?"

तत्त्व बिनतोड होतं. पण पुढे सगळा घोळ झाला तो या तत्त्वामुळेच.

मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर कोपराच्या वर गेलं. हाडांचे डॉक्टर उस्तादांच्या ओळखीचे होते, म्हणजे दर महिन्याला उस्तादांच्या खुर्चीत बसणारे. मी औषधांचा खर्च करायला पुढे झालो, तर वहिनी, म्हणजे उस्तादांची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही फळं आणा आणि गप्प बसा. गाडीचा विमा आहे ना? मग माझा भाऊ बघेल."

वहिनींचा धाकटा भाऊ वकील होता. आजवरची सगळी वकिली त्यानं भाडेकरूंच्या भांडणांत घालवलेली. कुणाच्या गॅलरीतून कुणाच्या गॅलरीत पाणी ठिबकलं, यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. आता घरच्याघरी चांगला भरपाईचा दावा मिळाल्यावर गडी असा खुलला की बघत राहावं. दवाखान्यातल्या खाटेच्या कडेला बसून त्यानं उस्तादांना समजावायला घेतलं.

"दाजी, नीट ऐका. दावा म्हणजे काय, तर हाताचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. आता नुकसान किती झालं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. हात बरा होत होत एका जागी येऊन थांबेल. तिथून पुढे आणखी बरा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले की मग मोजायचं. त्याच्या आधी कुणी कितीही गोड बोललं तरी सही करायची नाही. एकदा सही केली की नंतर हात गळून पडला तरी कंपनी विचारायला येत नाही."

"म्हणजे मी बरं व्हायचं की नाही?" उस्तादांनी विचारलं.

"व्हायचं! औषध चुकवायचं नाही, व्यायाम चुकवायचा नाही. चुकवलात तर ते म्हणणार, हा माणूस मुद्दाम बरा होत नाही."

"आणि पूर्ण बरा झालो तर?"

"तर फार छान. दावा लहान."

"आणि नाही झालो तर?"

"दावा मोठा."

उस्तादांनी जरा विचार केला. "म्हणजे मी जिंकलो तर हरलो, आणि हरलो तर जिंकलो."

"असंच काहीतरी."

वहिनी सफरचंद कापत होत्या. त्यांनी सुरी वर धरून विचारलं, "आणि तुझी फी? ती हे बरे झाले की वाढते, की नाही झाले की?"

वकीलसाहेबांनी सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि विषय बदलला.

प्लास्टर उतरेपर्यंत दुकान बंद राहिलं. म्हणजे कात्री बंद, दुकान नव्हे. दारावर 'बंद' अशी पाटी लटकत असायची, दार सताड उघडं आणि आत बाकावर आम्ही सगळे. दुसऱ्या कुणाकडे जाऊन केस कापून यायची आमची छाती होईना. एकजण गेला होता. दुसऱ्या दिवशी तो बाकावर येऊन बसला तेव्हा उस्ताद त्याच्या डोक्याकडे बघून नुसते "अरेरे" म्हणाले. पुन्हा कुणी गेलं नाही. आमच्या गल्लीतले सभ्य, संसारी, पोटं सुटलेले पुरुष एकाएकी झिपरे झाले. पोस्टमननं तर एका घरी विचारलं, "आपल्याकडे नाटक बसतंय का?"

यापुढचं मी पाहिलं थोडं आणि ऐकलं जास्त. काही वहिनींकडून, काही त्यांच्या भावाकडून, आणि बरंचसं खुद्द उस्तादांकडून. ते कसं ऐकायला मिळालं, ते ओघानं येईलच.

प्लास्टर उतरलं. एक्स-रे असा सुंदर आला की डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून दोनदा पाहिला. "हाडं इतकी छान जुळलीत की कुठे मोडली होती ते शोधावं लागेल," ते म्हणाले. मग विचारलं, "हात कसा वाटतो?"

"झकास!" उस्ताद म्हणाले.

डॉक्टरांनी तसं लिहिलं. पुढच्या खेपेला विचारलं. "झकास!" तेही लिहिलं. त्याच्या पुढच्या खेपेला विचारलंसुद्धा नाही, उस्तादांचा चेहरा बघूनच लिहिलं.

खरी गोष्ट उस्तादांना एकट्यालाच माहीत होती. हात वरून ठीक होता. पिशवी उचलता यायची, दार ढकलता यायचं, कुणाशी हात मिळवता यायचा. पण घरी कुणी नसताना ते कात्री काढून बसायचे. डोकं नव्हतं, म्हणून कोपऱ्यातला झाडू घ्यायचे. शेजारी गरम चहाचा कप ठेवायचे आणि झाडूवर कात्री चालवायचे. सुरुवातीला कात्री अशी पळायची की जीव हरखून जावा. मग हळूहळू अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या यायच्या. मग अंगठा जड व्हायचा. मग तो आपला नाहीच, कुणीतरी उसना आणून लावलाय असं वाटायचं, आणि कात्री हातातून निसटायची. कप उचलून तोंडाला लावावा तर चहा निवलेला असायचा. रोज असंच. चहा निवेपर्यंत हात त्यांचा, त्यानंतर कुणाचा कोण जाणे.

एक डोकं नीट कापायला मात्र त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. अर्ध्या डोक्याचा कारागीर दुकान कसं चालवणार? हे त्यांनी मनाशी शंभरदा म्हटलं होतं. मोठ्यानं म्हटलं तर ते खरं होईल, म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं.

वहिनींनी एकदा झाडू हातात घेऊन विचारलं, "अहो, हा झाडू कुणी कापला?"

"मला काय माहीत!"

"मग याला कल्ले कुठून आले?"

उस्तादांनी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं, असं वहिनी सांगतात.

अशातच विमा कंपनीचं पत्र आलं. हाड पूर्ण जुळलं आहे, रुग्ण स्वतःच उत्तम असल्याचं सांगतो, तेव्हा अमुक रक्कम घ्यावी, सही करावी आणि प्रकरण मिटवावं. रक्कम अशी होती की माझ्या फळांचा खर्च त्याहून जास्त झाला असेल. मेहुणा डॉक्टरांचे कागद घेऊन तणतणत घरी आला.

"दाजी, हे काय आहे? इथे झकास, इथे झकास, आणि इथे नुसती खूण केलीय, म्हणजे वरच्यासारखंच! तुम्ही डॉक्टरांना सांगता तरी काय?"

"जे सगळ्यांना सांगतो तेच."

"अहो, ते डॉक्टर आहेत!"

"ते गिऱ्हाईक आहेत," उस्ताद म्हणाले. "त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनचे. गिऱ्हाइकाला काय सांगू, की माझा हात चालत नाही? मग तो परत बसेल खुर्चीत?"

मेहुण्यानं कागद कपाळाला लावले. "म्हणजे हात चालत नाही?"

"चालतो की."

"मग?"

"झकास चालतो," असं म्हणून उस्ताद उठून गेले.

मेहुण्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं कोपऱ्यातला झाडू आणून त्याच्या मांडीवर ठेवला. वकील असला तरी हुशार होता, त्याला कळलं. त्यानं जाताना दोन तंब्या दिल्या. सही करायची नाही. आणि कंपनीचा माणूस केव्हाही बघायला येईल, तोवर दुकानात कात्रीला हात लावायचा नाही. "खोटं बोला असं मी म्हणत नाही, दाजी. पण फुशारकी मारू नका. थोड्या वेळानं थकणारा हात त्यांनी पहिली पाच मिनिटंच बघितला, तर ते पाच मिनिटांचंच लिहितील."

यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, बाक रिकामा असताना एक गृहस्थ दुकानात डोकावले. गोल चेहरा, काखेत कातडी बॅग, केस कानांवर आलेले. उस्ताद आरसा पुसत होते.

"कटिंग होईल का?"

"दुकान बंद आहे."

"दार उघडं आहे."

"ते हवा खेळायला."

"मग मी हवा म्हणून आत येऊ का?"

उस्तादांना हसू आलं. गृहस्थ आत आले आणि आरशाकडे जाताना त्यांची पाठ वळली. उस्तादांना त्यांची मान दिसली. कुठल्यातरी अडाण्यानं मागची लाइन जिन्याच्या पायऱ्यांसारखी कापली होती. उस्ताद ती मान बघून अक्षरशः कळवळले. दुसऱ्याच्या घरात तिरकी लागलेली तसबीर दिसली की काही माणसांचा हात शिवशिवतो, तसं झालं. मेहुण्याची तंबी त्यांना आठवली नाही असं नाही. आठवली, आणि पुन्हा ती मान दिसली.

"मानेपुरतं करतो," ते म्हणाले. "बसा."

कापड गळ्याशी आवळलं. समोरच्या टपरीवरून चहा आला होता, तो आरशाखालच्या फळीवर ठेवला. गृहस्थांनी आरशातून विचारलं, "हाताला काय झालं होतं?"

"विशेष काही नाही. पडलो होतो."

"आता कसा आहे?"

"झकास!"

गृहस्थांनी समाधानानं मान डोलावली. उस्तादांना वाटलं, काय कळवळ्याचा माणूस आहे!

मान झाली. लाइन अशी सरळ आली की त्यावर पाणी ठेवलं तर सांडू नये. आता मान सरळ झाल्यावर वरचं रान कसं दिसेल? उस्तादांनी उजव्या बाजूला हात घातला. कात्रीला जणू इतक्या दिवसांची भूक लागलेली. गृहस्थ आरशात स्वतःला बघत होते आणि दर थोड्या वेळानं ओठ आवळून खूश होत होते. उजवा कान मोकळा झाला, कल्ला बसला, एका बाजूनं तो माणूस दहा वर्षांनी तरुण दिसू लागला. उस्ताद शीळ घालायला लागले. डाव्या बाजूला वळले.

फळीवरच्या चहाची वाफ केव्हाच विरली होती.

पहिल्यांदा कंगवा पडला. उस्ताद हसून म्हणाले, "गुळगुळीत झालाय." मग कात्री पडली. उचलली. अंगठा कडीत घातला तर तो आत गेला की बाहेर राहिला हेच कळेना. तरी नेटानं कात्री चालवली, आणि डाव्या कानाच्या वर, कुणीतरी चावा घेतल्यासारखा केसांचा एक लचका निघाला. ते झाकायला शेजारी कापलं, तर दुसरा निघाला. डाव्या हातानं करून पाहिलं. ते काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

कात्री तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती त्यांनी उचलली नाही.

उस्तादांनी शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं दोन्ही हातांनी खाली लोटली आणि तिथे बसले. त्या खुर्चीत ते आजवर कधी बसले नव्हते. समोर आरशात दोन माणसं दिसत होती. एकाचं अर्धं डोकं राजपुत्राचं आणि अर्धं वादळात सापडलेलं. दुसरा आपला अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बसलेला.

आणि मग जे त्या दुकानात खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचं होत आलं, तेच उस्तादांचंही झालं. त्यांचं तोंड सुटलं.

"चहा निवला की हा झोपतो," ते आरशातल्या माणसाला म्हणाले. "रोज. झाडूवर पाहतो ना मी. आधी मुंग्या येतात, मग हा माझा राहतच नाही. जेवताना चमचा पडला की मी म्हणतो, चमचा निसरडा आहे. घरातले सगळे चमचे निसरडे करून ठेवलेत मी. बायको काही बोलत नाही, पण तिनं परवा मला वाटीत वरणभात कालवून दिला, लहान पोराला देतात तसा. मी तो खाल्ला. मला एक डोकं पुरं करता येत नाही हो. आणि दुसरं काही मला येत नाही."

गृहस्थ हळूच म्हणाले, "हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?"

"कसं सांगणार? ते गिऱ्हाईक आहेत."

"मीही गिऱ्हाईकच आहे की."

"तुम्ही कसले गिऱ्हाईक," उस्ताद नाक ओढत म्हणाले, "तुमचं अर्धंच डोकं झालंय."

गृहस्थांनी कापडाखालून हात काढला आणि खिशातलं ओळखपत्र फळीवर ठेवलं. ते विमा कंपनीचे साहेब होते. उस्तादांचा हात चालतो का, हे गुपचूप बघायला आले होते.

उस्तादांनी ओळखपत्राकडे पाहिलं, मग साहेबांच्या डोक्याकडे. "मग? बघितलंत?"

"बघितलं," साहेब आरशात डावीकडे, मग उजवीकडे मान वळवत म्हणाले. "आणि उद्या सगळं ऑफिस बघणार आहे."

"टोपी देऊ का?"

"नको. पुरावा झाकून कसा चालेल?" साहेब उठले, अंगावरचे केस झटकले आणि दारापाशी थांबले. "उस्ताद, उजवी बाजू झाल्यावरच उठून घरी गेलो असतो ना, तर मी लिहिलं असतं की हात ठणठणीत आहे. त्यात माझा दोष नसता, तुमचाही नसता. पण माझ्या डोक्यावर कंपनी किती विश्वास ठेवेल? डॉक्टरांकडे जा. हे सगळं त्यांना सांगा. शब्द न शब्द."

संध्याकाळी मेहुण्याला कळलं तेव्हा तो चपला न काढता घरात शिरला. "कात्रीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं की नाही? संपलं सगळं!"

"अरे, पण त्याची मान बघायला हवी होतीस तू," उस्ताद म्हणाले.

वहिनी मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे मी येणार."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात टेबलाच्या अलीकडे उस्ताद, पलीकडे डॉक्टर. डॉक्टरांनी विचारलं, "काय उस्ताद, कसा आहे हात?" उस्तादांनी मोठ्या निर्धारानं तोंड उघडलं आणि आतून आलं, "झक..."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही उठा."

"मी?"

"उठा. यांना तुमच्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. गळ्याशी एखादा टॉवेल असला तर बरं."

डॉक्टरांना आधी वाटलं, चेष्टा चालली आहे. पण वहिनींच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. डॉक्टर उठले, उस्ताद बसले, टॉवेल गळ्याशी आवळला गेला. खुर्ची फिरती होती, तिनं फार मदत केली. मागे उभं राहून डॉक्टर म्हणाले, "हं, काय म्हणताय उस्ताद?" आणि उस्ताद सुटले. मुंग्या, अंगठा, चहा, झाडू, चमचे, साहेबांचं डोकं, सगळं. डॉक्टर मधेमधे "अच्छा", "मग?" एवढंच म्हणत होते. इतकी वर्षं उस्तादांकडून ऐकून ऐकून त्यांनाही ते जमलं होतं.

शेवटी डॉक्टर भडकले. "इतके दिवस मला झकास झकास सांगून फसवलंत! हाड जुळलंय, पण अंगठ्याची नस दबलीय. लवकर बोलला असतात तर लवकर सोडवली असती. आता तरी वेळ गेलेली नाही."

नस मोकळी केली. पुन्हा व्यायाम सुरू झाले. घरात नवा झाडू आला आणि तोही कापला गेला, पण आता वहिनींच्या देखत. हात सुधारला. आधी चहा कोमट होईतो टिकायचा, मग निवेपर्यंत, मग निवून वर साय धरेपर्यंत. आणि एका खेपेला डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "आता हा इथेच थांबणार. एवढाच राहील."

"थांबला!" मेहुणा टाळी वाजवून ओरडला. "ताई, थांबला एकदाचा!"

वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचे दोन्ही तळवे जुळलेल्या जागीच राहिले. पण उस्तादच हसायला लागले. "ओरडू दे ग त्याला. माझा हात अधू झाल्याचा आनंद झालेला घरचा माणूस म्हणजे हाच एक. दुसरा मिळायचा नाही."

डॉक्टरांनी या वेळी लिहिलं ते खरं आणि पुरतं लिहिलं. हाड जुळलेलं आहे. जोर आहे. पण बारीक काम सलग करता येत नाही आणि येणार नाही, आणि या माणसाचा धंदाच बारीक कामाचा आहे. साहेबांनीही आपल्या अहवालात जे पाहिलं ते लिहिलं. त्यांच्या वरिष्ठांनी म्हणे विचारलं, "याला पुरावा काय?" तेव्हा साहेब नुसते डोक्याची डावी बाजू पुढे करून उभे राहिले. कंपनीनं खळखळ केली, मेहुण्यानं त्याहून जास्त केली, आणि अखेर दुसऱ्या खुर्चीवर पगारी कारागीर ठेवता येईल एवढी भरपाई मंजूर झाली. या वेळी मेहुण्यानं स्वतःचं पेन काढून दाजींच्या हातात दिलं. सही झकास आली. तेवढा वेळ हात टिकतो.

आता दुसऱ्या खुर्चीपाशी एक बाई असतात. आधी एका पार्लरमध्ये होत्या. कात्री अशी चालवतात की उस्तादांनी त्यांचं पहिलं डोकं चारी बाजूंनी तपासलं, पाचवी बाजू नाही म्हणून हळहळले, आणि त्यांना ठेवून घेतलं. एकच अडचण झाली. बाई काम करताना चकार शब्द काढत नाहीत, "अच्छा" म्हणत नाहीत, "मग?" म्हणत नाहीत. दोनचार दिवसांत गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. केस कापून होत होते, पण मन मोकळं होत नव्हतं. तेव्हा अशी वाटणी झाली, की बाई कापतात, शेजारी उंच स्टुलावर बसून उस्ताद ऐकतात, आणि शेवटी मानेवरची लाइन उस्ताद काढतात. ते काम निवांत बसतं त्यांच्या वेळात.

आणि दुपारी गर्दी नसली की ते स्वतः दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसतात. मग बाकावर जो असेल त्यानं मागे उभं राहायचं. मी बऱ्याचदा राहिलो आहे. हे सगळं मला तिथेच ऐकायला मिळालं. हल्ली "कसं काय उस्ताद?" असं विचारलं की ते आधी विचारतात, "बसून सांगू की उभ्यानं?"

साहेब अजून येतात. डावी बाजू बाईंकडून, उजवी उस्तादांकडून, असा त्यांचा हट्ट असतो.

या सगळ्या काळात माझ्या केसांना मात्र कात्री लागली नव्हती. पहिल्यांदा संकोच होता, मग सवय झाली. बाजूचे केस इतके वाढले की वर घेऊन पलीकडच्या कानापर्यंत पोचत होते, आणि वारा सुटला की उभे राहून टाटा करत होते. एक दिवस बायको म्हणाली, "आज कापून आला नाहीत तर मी झाडू समजून कोपऱ्यात ठेवीन." मी गेलो. बाईंची खुर्ची रिकामी होती. पण माझ्या मनात वेगळंच होतं. मी उस्तादांच्या खुर्चीत बसलो, समोरच्या टपरीला हाक मारून एक गरम चहा मागवला आणि म्हणालो,

"उस्ताद, आज पूर्ण कटिंग तुमच्याच हातची हवी. बाईंकडून नको. चहा निवायच्या आत जेवढं होईल तेवढं करा, उरलेलं उद्या करा, परवा करा, मी रोज येईन. चालेल?"

उस्तादांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे गेलेले केस कंगव्यानं उचलले, खाली काय आहे ते पाहिलं, केस पुन्हा खाली ठेवले आणि म्हणाले, "चहा गरमच प्याल, तुमच्या डोक्यावर तेवढं कामच उरलेलं नाही."